तुम्ही विचारलंत म्हणून: ते जिवाणू मिठी नदीत का सोडत नाही?

"मॅडम, प्लास्टिक खाणारे जिवाणू आहेत ना तुमच्याकडे? मग मिठीत सोडून का देत नाही?" सोसायटीच्या गणपतीत विचारतात, लोकलमध्ये भेटलेल्या जुन्या विद्यार्थिनी विचारतात. दरवेळी मी "तितकं सोपं नाही हो" म्हणते आणि विषय बदलते. आज बदलत नाही.

आमचे जिवाणू प्लास्टिक खात नाहीत. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात, ते थॅलेट, ते खातात. आमच्या जेवणाच्या टेबलावर जाड पारदर्शक पीव्हीसी अंथरलंय. त्यावर पेपर दोन दिवस पडून राहिला की मथळ्याची उलटी अक्षरं उमटतात, घासूनही जात नाहीत. ते थॅलेटचं काम. मऊ पीव्हीसीत ते वजनाच्या 30-40 टक्केसुद्धा असतं, पण प्लास्टिकला जोडलेलं नसतं, नुसतं मुरलेलं असतं. म्हणून सुटत राहतं: रेनकोटातून, वायरींच्या आवरणातून, रेक्झिनमधून. गटारातून नदीत जातं आणि गाळाला धरून बसतं, कारण त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं डीईएचपी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

ही शेवटची गोष्ट मला पुस्तकातून पाठ होती. तरीही पुढचं घडलं.

कुर्ल्याजवळच्या मिठीच्या गाळातून माझ्या विद्यार्थिनीने एक जिवाणू वेगळा केला, ऱ्होडोकॉकस प्रजातीतला. प्लेटवर केशरी-गुलाबी ठिपके. फ्लास्कमध्ये फक्त क्षार आणि डीईएचपी, खायला दुसरं काही नाही, आणि तरी चार दिवसांत पाणी गढूळ व्हायचं. डीईएचपी अर्ध्याहून खाली आलेलं दिसलं. मी इतकी हरखले की कॉलेजच्या एका कार्यक्रमात माईकवर सांगून टाकलं: मिठीची घाण मिठीतलेच जिवाणू साफ करतील.

महिन्याभराने ती वही घेऊन आली. तुलनेसाठी मारलेले जिवाणू घातलेल्या कंट्रोल फ्लास्कमध्येही डीईएचपी कमी झालं होतं. मेलेले जिवाणू खात नाहीत. मी म्हणाले, "काहीतरी चुकलं असेल, तो फ्लास्क बाजूला ठेव." ती काही बोलली नाही. वही मिटली आणि तशीच उभी राहिली. मी संगणकाकडे वळले.

तिने तो बाजूला ठेवला नाही. मला न विचारता सगळा प्रयोग पुन्हा लावला. या वेळी मधूनच पिपेटने नमुना न घेता अख्खा फ्लास्क घेतला, आतली काच हेक्झेन या द्रावकाने धुतली, आणि "गेलेलं" डीईएचपी काचेवर सापडलं. चिकटून बसलं होतं, एवढंच. जिवंत फ्लास्कमध्ये खरोखर खाल्लं गेलं होतं, पण मी माईकवर सांगितलं होतं त्याच्या जवळपासही नाही.

मी खोटं बोलले नव्हते. जिवाणू होते, वाढत होते. पण आकडा बदलल्यावर त्या लोकांसमोर जाऊन मी दुरुस्ती केली नाही. तुमच्या प्रश्नाचं मूळ बहुधा माझ्याच त्या भाषणात आहे. ते सगळं तुमच्यावर चिडून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

तर उत्तर. असे जिवाणू मिठीत आधीच आहेत, आम्ही तिथूनच आणले. त्यांना कमी पडतो तो प्राणवायू. डीईएचपीला दोन बाजूंना दोन साखळ्या असतात. जिवाणू आधी एक तोडतो, मग दुसरी, मग मधलं कडं फोडतो, आणि आमच्या जिवाणूला कडं फोडायला प्राणवायू लागतोच. मिठीचा गाळ काळा आहे, सडक्या अंड्यासारखा वास मारतो, म्हणजे खाली हवा नाही. तिथे दुसरे जिवाणू हे काम करतात, फार सावकाश. शिवाय पहिली साखळी तुटून काम तिथेच थांबलं तर उरतं ते एमईएचपी, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत पुरुष संप्रेरकांच्या आड येणारा मुख्य पदार्थ तोच आहे. अर्धवट खाणं मला न खाण्यापेक्षा जास्त घाबरवतं.

"मग सांडपाणी नदीत जाण्याआधीच टाकीत हवा सोडून जिवाणूंना काम करू दे," असं माईकवरची मी अजूनही मला सुनावते. तिचं चूक नाही. हवा भरलेल्या टाक्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात डीईएचपी खरंच कमी असतं. पण त्यातलं बरंचसं खाल्लं न जाता गाळाला चिकटूनच गेलेलं असतं, काचेला चिकटलं होतं तसंच. मग तो गाळ कुठे टाकायचा? इथे आमचं दोघींचं भांडण अडतं, आणि मी हरते की ती, हे मला सांगता येत नाही.

ती विद्यार्थिनी अजून दिवाळीला फोन करते. "बाजूला ठेव" म्हणाले होते त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.