तुम्ही विचारलंत म्हणून: मोठ्या वयाचा हस्की नव्या घरात रुळतो का?

आमचा भोला हा सायबेरियन हस्की जातीचा कुत्रा आहे. पहाटे त्याला फिरायला नेले की भेटणारी माणसे आधी त्याच्या डोळ्यांचे कौतुक करतात, कारण त्याचा एक डोळा निळा आणि दुसरा तपकिरी आहे. तो पिल्लू असताना नव्हे, तर चांगला मोठा झाल्यावर आमच्याकडे आला हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या वाढलेल्या कुत्र्याला नव्या माणसांचा लळा लागतो का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

लळा लागतो, आणि मनापासून लागतो. मात्र त्याचा क्रम वेगळा असतो. पिल्लाला आधी माणसे आपली वाटतात आणि त्यांच्यामुळे घर आपले होते. मोठ्या कुत्र्याला आधी घर कळावे लागते. कोणते दार कुठे उघडते, जेवण किती वाजता येते, रात्री दिवे कधी मालवतात आणि बाहेर गेलेली माणसे परत येतात की नाही, या गोष्टींची खात्री पटल्यावरच तो माणसांकडे वळतो. ही खात्री पटण्याआधीच आपण त्याच्याकडून मायेची अपेक्षा करू लागलो, तर तो आणखी दूर जातो.

भोला एका इमारतीच्या पार्किंगमध्ये साखळीला बांधलेला सापडला. घरातली माणसे बिऱ्हाड हलवून निघून गेली होती. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या दोन तरुण मुलींनी त्याला उचलले, उपचार केले, काही दिवस स्वतःच्या घरी ठेवले आणि मग आमच्या स्वाधीन केले. अशा प्रकारे प्राण्याला उपाशीतापाशी टाकून जाणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे तो १० ते ५० रुपये. व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर केंद्र सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी इथल्या इथे पैदास करून हस्कीची पिल्ले विकली जातच आहेत. निळ्या डोळ्यांचा तो गोळा घरी आणायला सगळ्यांनाच आवडतो. वर्षभरात त्याचा वीस-पंचवीस किलोंचा, दिवसभर धावण्यासाठी घडलेला, घरभर केस सोडणारा कुत्रा होतो, तेव्हा अनेकांचा धीर सुटतो. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आता पहिल्या दिवसांविषयी. घरात आल्यावर भोला थेट न्हाणीघरात गेला आणि शहाबादी फरशीवर भिंतीला पाठ लावून बसला. समोर कुणी असेल तर तो जेवत नसे. पोळीचा तुकडा दिला तर तो तोंडात धरून बादलीमागे नेऊन ठेवी आणि रात्री सगळे झोपल्यावर खाई. साखळीने त्याच्या मानेवरचे केस एका रेषेत झडले होते. त्या जागेजवळ हात गेला की तो डोळे मिटून अंग आक्रसून घेई. गुरगुरणे नाही, चावणे नाही, आवाजच नाही. पुष्कळ जण अशा कुत्र्याला "किती शहाणा आहे" म्हणतात. तो शहाणपणा नसतो, ती भीती असते.

या काळात करायची मुख्य गोष्ट म्हणजे त्याला एकटे राहू देणे. आम्ही पाहुण्यांना येऊ नका असे सांगितले, मुलांना त्याच्याकडे टक लावून पाहण्याची मनाई केली, आणि जेवण, फिरणे व झोप यांच्या वेळा घड्याळाप्रमाणे पाळल्या. कुत्री दत्तक देणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात: पहिले तीन दिवस भांबावलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळण्याचे आणि तीन महिने विश्वास बसण्याचे. अंदाजासाठी हा हिशोब चांगला आहे, पण भोलाने शेवटच्या टप्प्याला त्याहून बराच अधिक वेळ घेतला आणि तो देण्यातच आमचे सगळे काम होते.

त्याने घरात सर्वांत आधी जवळ केले ते माझ्या सासूबाईंना. त्यांनी त्याला कधी हाक मारली नव्हती, की बिस्किटाचे आमिष दाखवले नव्हते. रोज सकाळी त्या मागच्या गॅलरीत पाटावर बसून भाजी निवडतात आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत असतात. काही आठवड्यांनी भोला न्हाणीघराच्या दारापर्यंत आला, मग गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत, आणि एके दिवशी मेथीची जुडी अर्धी निवडून झाली असताना तो त्यांच्या शेजारी आडवा झाला आणि त्याने हनुवटी त्यांच्या पावलावर ठेवली. सासूबाईंनी पाय हलवला नाही, मेथी निवडणे थांबवले नाही आणि पुटपुटणेही तसेच चालू ठेवले. मला वाटते की त्याला नेमके हेच हवे होते, कारण त्या बाईंनी त्याच्याकडे काहीही मागितले नव्हते.

आवाज फुटला तो त्यानंतर. हस्की भुंकतो थोडे आणि हेल काढून ओरडतो जास्त. गल्लीत घंटागाडीचे गाणे सुरू झाले तसे भोलाने मान वर केली आणि लांबलचक सूर लावला. सगळे घर धावत गॅलरीत आले. आता तो रोज ओरडतो, आणि शेजारच्या काकूही सकाळी त्याची वाट पाहतात.

वाढलेला हस्की पुन्हा माणसांत आल्याचे एक उदाहरण तर इतिहासातच आहे. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्याने सुमारे हजार किलोमीटर अंतरावरून औषध पोहोचवले. शेवटच्या टप्प्यात आघाडीला असलेला बाल्टो नावाचा कुत्रा जगप्रसिद्ध झाला आणि न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. पण दोन वर्षांतच तो आणि त्याचे काही साथीदार लॉस एंजेलिसमधल्या पैसे घेऊन कुत्री दाखवणाऱ्या एका प्रदर्शनात दयनीय अवस्थेत आढळले. क्लीव्हलँडच्या लोकांनी, शाळकरी मुलांनीसुद्धा, पैसे गोळा करून त्यांना सोडवले आणि १९२७ मध्ये आपल्या शहरात आणले. बाल्टो तेव्हा जवळजवळ आठ वर्षांचा होता आणि पुढे १९३३ पर्यंत तिथेच जगला. कुत्र्याचे वय झाले म्हणून त्याला नवे घर देण्यात अर्थ नाही असे कुणी म्हणाले की मी ही हकिगत सांगते.

पुण्याच्या उन्हाळ्याचे काय, हा प्रश्नही पाठोपाठ येतोच आणि तो रास्त आहे. ईशान्य सायबेरियातील चुक्ची लोकांनी गोठलेल्या प्रदेशात ओझी ओढण्यासाठी ही जात घडवली. तिची पिल्ले आपल्याकडे विकली जाऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. परंतु भोला इथेच जन्मला आहे आणि त्याला पाठवायला आमच्याजवळ सायबेरिया नाही. म्हणून मार्च ते जून त्याचे फिरणे सूर्य उगवण्याआधी आणि रात्री उशिरा होते. दुपारी तो वातानुकूलित खोलीत असतो, आणि गुरुवारी वीज जाते तेव्हाही चालावा असा पंखा आम्ही बसवून घेतला आहे. त्याचे केस आम्ही कधीच भादरत नाही. बाहेरचा थर त्वचेला उन्हापासून वाचवतो आणि एकदा मुळापासून कापलेले केस पुन्हा नीट येतीलच असे नसते. विंचरून आतली गळालेली लोकर काढली की हवा आत खेळते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, त्यामुळे तो जोरजोराने धापा टाकू लागला, लाळ घट्ट झाली किंवा पावले अडखळली, तर अंगावर पाणी ओतून, वारा घालून तडक डॉक्टरांकडे न्यावे. पावसाळ्यात त्याला पोटापर्यंत कोरडे करावे लागते आणि गोचिडांसाठी कानांच्या मागे व बोटांच्या बेचक्यांत रोज पाहावे लागते, कारण गोचीडताप आपल्याकडे सर्रास आढळतो.

एवढा लळा लागला तर आता मोकळा सोडत असाल, असेही काही जण म्हणतात. आम्ही सोडत नाही. हस्की धावू लागला की हाक ऐकून वळेलच याचा भरवसा नसतो, आणि त्याचा मायेशी संबंध नाही. पुढे जात राहण्यासाठीच त्याच्या कित्येक पिढ्या निवडल्या गेल्या आहेत. भोलाला खांद्यांवरून येणारा पट्टा असतो आणि फाटकाला दुहेरी कडी आहे.

जुनी माणसे त्याला आठवत असतील का, हे तुम्ही हळू आवाजात विचारलेत. आठवत असावीत. रस्त्याने एका विशिष्ट पद्धतीची पांढरी मोटार गेली की तो थांबतो, कान ताठ करून ती वळणाआड जाईपर्यंत पाहतो. आम्ही पट्टा ओढत नाही, त्याचे पाहून होईपर्यंत उभे राहतो. मग तो स्वतःच घराच्या दिशेने वळतो आणि जिन्यावर आमच्याही पुढे असतो.

तुमच्या घरी असा कुत्रा आणायचा विचार असेल, तर आधी दोन-तीन वेळा त्याला भेटायला जा, घरातल्या प्रत्येकाची संमती घ्या आणि पहाटे पाचला रोज कोण उठणार हे नावानिशी ठरवा. घर दिवसभर रिकामे राहणार असेल तर हस्की आणू नका. कुत्री दत्तक देणाऱ्या निवाऱ्यात आपल्या मातीतली वाढलेली, शांत स्वभावाची देशी कुत्रीही असतात, त्यांच्याविषयी विचारा. आणि न्यायचे ठरलेच, तर पहिल्या दिवशी त्याला घर दाखवा आणि बाजूला बसून आपापली कामे करत राहा.