पाच-अडतीस काढून चार-अठ्ठ्याऐंशी: जुन्या जीपचा क्राउन-पिनियन निवडताना

आमची जीप महिंद्राची जुनी सीजे-थ्रीबी. कंपनीतून निघाली तेव्हा तिच्यात २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं. आधीच्या मालकानं ते काढून डिझेल बसवलं, आरसीवर तशी नोंदही करून घेतली. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आणि पुढचा-मागचा असे दोन्ही डिफरन्शियल (शाफ्टची फिरकी चाकांना देणारे) मात्र पेट्रोलच्या काळातलेच राहिले. वरूड तालुक्यातल्या आमच्या वावरातून संत्र्याचे क्रेट पांदणीनं डांबरीपर्यंत आणायचं काम ती निमूट करते. डांबरीवर चढली की मात्र साठीच्या आतच तिला धाप लागते. अमरावतीपर्यंत शेजारी बसलेल्याशी बोलायची सोय नाही, आणि उतरल्यावरही बराच वेळ कानात घों घों चालूच.

कारण सरळ आहे. ते पेट्रोल इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत पळायचं. डिझेलला फेऱ्यांवर लगाम ठेवणारा गव्हर्नर त्याच्या बऱ्याच आधी आवरतो. इंजिन हळू फिरणारं झालं आणि मागचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा, जोरात फिरणाऱ्या इंजिनाचाच राहिला. म्हणजे क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी, तिच्या दातांवरच रेशो ठरतो) बदलायचा, एवढं पक्कं. कोणता घालायचा, यावर मात्र गावात जितकी तोंडं तितके आकडे.

मी आधी गाडीत काय आहे ते मोजायला बसलो. जुन्या जीपमध्ये पुस्तकातला रेशो असेलच याचा भरवसा धरू नये. मालकागणिक काहीतरी बदललेलं असतं. मोजणं सोपं आहे. गिअर न्यूट्रलला टाकायचा, पुढच्या चाकांना ओट लावायची, मागचं एकच चाक जॅकवर घ्यायचं, दुसरं जमिनीवरच राहू द्यायचं. शाफ्टवर खडूची रेघ मारायची आणि उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरवायचं. दुसरं चाक अडलेलं असल्यानं दोन फेऱ्यांत क्राउन एकदाच फिरतो, आणि तेवढ्यात शाफ्ट जितक्या वेळा फिरला तोच रेशो. आमचा शाफ्ट पाच फेरे पुरे करून वर एक तृतीयांशाच्या जरा पुढं थांबला. म्हणजे ५.३८, क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. मग फोर बाय फोरचा दांडा बाहेर ठेवून पुढचंही तसंच मोजलं. तेही ५.३८ निघालं, तेव्हा बरं वाटलं.

त्यानंतर टायर. आमचे ६.००-१६, अरुंद. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर मला हेच बरे वाटतात, वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातात. रुंद टायर वरच तरंगतो आणि त्याच्या खाचा मातीनं भरून गुळगुळीत होतात. टायरवर आणि जमिनीवर खूण करून, माणूस बसवून गाडी एक फेरा ढकलली, टेप लावला. २.२ मीटर. टायरच्या आकारावरून हिशोब करण्यापेक्षा हे बरं, कारण वजनाखाली टायर दबतो तो यात आपोआप धरला जातो.

इंजिनाच्या फेऱ्या कशा कळणार, गाडीत तर तो मीटरच नाही. आमच्याकडे पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्याकडे हातातला टॅकोमीटर असतो. त्याला बोलावलं, क्रँक पुलीच्या मधोमध त्याचं रबरी टोक टेकवलं आणि पुतण्यानं ॲक्सिलरेटर दाबला. गव्हर्नर २९०० च्या आसपास आवरत होता. २४०० पर्यंत आवाज सुखाचा, त्यापुढं पत्रे थरथरायला लागले. मी २४०० धरून चाललो.

गणित एका ओळीचं आहे: फेऱ्या भागिले रेशो, गुणिले टायरचा फेरा, गुणिले ६०, भागिले १०००. टॉप गिअर एकास एक, म्हणून मध्ये आणखी काही येत नाही. २४०० फेऱ्यांना ५.३८ वर गाडी ताशी ५९ जाते. ४.८८ वर ६५, ४.२७ वर ७४, आणि ३.७३ वर ८५.

हे आकडे पाहून पुतण्या लगेच ३.७३ वर. तरण्या पोराला दुसरं काय सुचणार. पण ३.७३ साठी डिफरन्शियलमधला केजही वेगळा लागतो, ५.३८ च्या केजवर तो क्राउन बसत नाही. आणि बोजा भरून टॉपला ते ओढायला आमचं इंजिन काही बसचं नाही. ते तिथंच सोडलं. मग तो म्हणाला, "काका, टायरच मोठे टाका न." एका ओळखीच्याच्या जीपला ७.००-१६ होते, त्यांचा फेरा मोजला तर २.३७ मीटर भरला. म्हणजे ५.३८ चा रेशो पाचावर आल्यासारखा होतो. सल्ला वाईट नव्हता. पण स्टिअरिंग जड होतं, आणि नऊ इंची ड्रमचे, बूस्टर नसलेले ब्रेक आणखी दुबळे पडतात. शिवाय अरुंद टायर सोडायचे नव्हतेच.

राहिले ४.८८ आणि ४.२७. इथं मी बराच घुटमळलो, आणि लोक इथंच एक गोष्ट बघत नाहीत असं माझं मत झालं. सगळे विचारतात, "नाल्यातून चढंल का?" नाल्याची काळजी लो गिअर (ट्रान्सफर केसमधला हळू पण जास्त ताकदीचा गिअर) घेतो. आमच्या ट्रान्सफर केसमध्ये लो २.४६ चा आहे आणि पहिला गिअर २.८० चा. तिन्हींचा गुणाकार केला तर ५.३८ ला एकूण ३७ पट ताकद मिळते, ४.८८ ला साडेतेहतीस, ४.२७ ला साडेएकोणतीस. सातशेच्या आयडलिंगवर गाडी ५.३८ ला ताशी अडीच किलोमीटरनं सरपटते, ४.२७ ला तीनच्या थोडी वर. रपट्यावरून उतरताना हा फरक पायाला जेमतेम कळतो.

खरी अडचण हाय रेंजमध्ये, म्हणजे लो न लावता चालवताना, आहे. हा गिअरबॉक्स तीन गिअरचा. दुसरा १.५५, तिसरा १. मध्ये मोठी दरी. भरलेले क्रेट घेऊन पांदणीनं येताना गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या-तिसऱ्यातच असते. ४.२७ घातला तर तिसऱ्यात ती गुदमरणार, आणि दुसऱ्यात टाकली की इंजिन भिरभिरणार. दिवसभर लो लावून हाकावं तर वेळ आणि डिझेल दोन्ही वाया. गाडी जास्त डांबरीवर असेल आणि गिअरबॉक्स चार गिअरचा असेल तर मी ४.२७ घेतला असता. त्याचा पिनियन ११ दातांचा, ८ दातांच्यापेक्षा जाड आणि दणकट असतो. पण चौऱ्याहत्तरच्या वेगाला ही गाडी थांबवणार कोण, हाही प्रश्न होताच. ४.८८ ठरवला.

मिस्त्रीचं म्हणणं वेगळं. "भाऊ, मांगचाच बदला न. पुढचा लावते कोन?" विदर्भात निम्म्या जीप अशाच फिरतात, पुढचा शाफ्ट कधीचा काढून कोठ्यात पडलेला. मला जुलै-ऑगस्टात पुढची चाकं लागतात. मागं ४.८८ आणि पुढं ५.३८ ठेवला तर दोन्ही शाफ्टच्या शंभर फेऱ्यांत मागची चाकं साडेवीस वेळा फिरतील, पुढची साडेअठराच. चिखलात चाक घसरून ते निभून जाईल. टणक जमिनीवर मात्र तो फरक जाणार कुठं? दांडा अडकतो, निघता निघत नाही, आणि एखादा जॉइंट तुटतो. मी नाही म्हटल्यावर मिस्त्री हसला, "हव, मंग दोन हुडका."

हुडकायला नागपूरचा कबाडी बाजार. पैशांचा आकडा सांगण्यात अर्थ नाही, तिथं भाव माणूस पाहून ठरतो. मी शोधत होतो एकाच फोर बाय फोर गाडीतून निघालेले पुढचे-मागचे संच. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात आणि दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, पिनियनच्या तोंडावर आणि क्राउनच्या कडेला. एक चकचकीत संच दुकानदारानं पुढं केला. डिझेलच्या फडक्यानं पुसला तर नंबर वेगळे. "काहून भाऊ, दात तर चांगले हायेत!" दात चांगलेच होते, पण दोन वेगवेगळ्या जोड्यांचे, ते आयुष्यभर रडले असते. शेवटी जे घेतले त्यांचे दात मी स्वतः मोजले, ३९ आणि ८, पुढचेही आणि मागचेही. दाताच्या माथ्यावर खड्डे नाहीत, जळल्याचा निळा डाग नाही, हे उन्हात नेऊन पाहिलं.

बसवतानाचं काम बघण्यासारखं असतं. मिस्त्रीनं थोडा शेंदूर तेलात कालवला, मारुतीला लावतात तोच, आणि ब्रशनं क्राउनच्या काही दातांवर लावला. मग क्राउनला लाकडाचा अडसर देऊन पिनियन दोन्ही बाजूंनी फिरवला. शेंदूर जिथून पुसला गेला तिथं दातावर लांबट ठसा उमटतो. पहिला ठसा दाताच्या बुडाकडं गेला होता, म्हणजे पिनियन जास्त आत. खोलून एक पातळ शिम (मध्ये घालायची पत्र्याची चकती) कमी केली, पुन्हा शेंदूर. ठसा मध्यावर आला तेव्हा डायल गेज लावून क्राउनचा हलता मोकळेपणा पाहिला. तो पाच ते दहा हजारांश इंचात हवा, आमचा सातवर बसला. हाताला तो खेळ जेमतेम जाणवतो, पण चुकला तर एक तर गाडी रडते, नाही तर दात गरम होऊन खातात. शेंदूर म्हणजे शिशाचा प्रकार, हात साबणानं धुतल्याशिवाय मिस्त्री चहाला हात लावत नाही, हे मला आवडलं. तेल जीएल-५ दर्जाचं नव्वद नंबर. सुरुवातीला बोजा न भरता थोडं चालवायचं, थांबून गार होऊ द्यायचं. पाचशे किलोमीटर झाल्यावर ते तेल काढलं, त्यात चांदीसारखी बारीक पूड होती, कण नव्हते. नवीन भरलं.

आता साठला इंजिन ओरडत नाही, शेजारच्याशी बोलता येतं. भरल्या गाडीनं नाल्यानंतरच्या चढावर मात्र पूर्वी तिसरा गिअर जिथवर टिकायचा त्याच्या आधीच दुसरा टाकावा लागतो. हे अपेक्षित होतं. स्पीडोमीटर खोटं बोलतो, कारण त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते आणि तिला डिफरन्शियल बदलल्याचा पत्ताच नाही. काटा पन्नासवर असला की गाडी पंचावन्नला असते. काचेवर नेलपॉलिशची खूण करून ठेवली आहे.

काढलेले ५.३८ चे दोन्ही संच तेल लावून पोत्यात ठेवलेत. मोर्शीकडचा एक जण ते मागतो आहे, त्याच्या जीपमध्ये अजून मूळ पेट्रोल इंजिन आहे आणि कोणीतरी मागं ४.२७ घातलाय. त्याला ते द्यायचे ठरलेत, फक्त आधी पुढचं एक चाक उचलून फेरे मोजून सांग म्हटलंय.