आधी 'पऱ्हाटी' टाइप करून पाहा: लॅपटॉप शोधाच्या नोंदी

मे अखेर

लॅपटॉपवरचा ट गेला. इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची मानक कळमांडणी, ती वापरणाऱ्यांना लगेच कळेल कोणती कळ ते: एंटरला चिकटून डावीकडे, इंग्रजीत अवतरणचिन्हाची. आधी दोनदा दाबावी लागे, मग जोरात, मग काहीच नाही. वऱ्हाडी शब्दांच्या माझ्या फाइलमध्ये 'पऱ्हाटी', म्हणजे कापसाचं झाड, लिहीत होतो. ट आलाच नाही, ह च्या काण्याला वेलांटी येऊन धडकली आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं. त्यामागे टोंगळा, टाळकं, टिचणं सगळे रांगेत उभे.

आर्वीला मेकॅनिककडे नेला. त्यानं तळ उघडून दाखवला. कळफलक वरच्या भागाला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी जाम केलेला. एका कळीसाठी तळहात टेकतो तो सगळा भागच बदलायचा, आणि त्या मॉडेलचा तो भाग मिळत नाही. पंख्याच्या जाळीत रुईचा बोळा निघाला तो वेगळाच. चूक माझी. ज्या खोलीत कापूस भरतो त्याच खोलीत मी टाइप करत बसतो.

जून, पेरणीच्या तोंडावर

घरात नव्या लॅपटॉपचा विषय काढायची ही वेळ नाही. ४५० रुपयांचा बाहेरचा कळफलक जोडून काम चालू आहे.

पोळ्यानंतर

बैल पाण्यावरून आले की संध्याकाळी थोडा वेळ मिळतो. या काळात कागदावर एक हिशेब मांडला, तो इथे देतो. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी उच्चारावरून मराठी टाइप करायची मांडणी, वापरणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, त्यांचा ट इंग्रजी टी वरच असतो.

इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ मध्ये आहे. काने-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. बोटांना चाचपायला मिळणारे दोन उंचवटे असतात, त्यातला एक ि वर आणि दुसरा र वर. इथपर्यंत सगळं झकास. आता उजव्या करंगळीकडे पाहा. इंग्रजीत तिच्याकडे पी आणि विरामचिन्हं, म्हणजे जवळजवळ रिकामटेकडी. मराठीत तिच्याच वाट्याला च, ज, ट, ड, य. शिफ्ट धरली की छ, झ, ठ, ढ. एंटरच्या वर तिरप्या रेघेची कळ आहे तिच्यावर ॉ, म्हणजे डॉक्टर, कॉलेज, लॉटरी तिथे. बरोबरच्या चिन्हावर ृ. वऱ्हाडीत तर ट-ठ-ड-ढ चा सुकाळ: ढोर, डवरा, ठेसणं, ढेकूळ.

लॅपटॉप तपासून मत देणारे इंग्रजीत चार ओळी बडवतात आणि 'कीबोर्ड चांगला आहे' म्हणून मोकळे होतात. कंपन्यांना जागा वाचवायची असली की कात्री पहिल्यांदा याच उजव्या काठावर चालते. चौकटी कंस बारीक, तिरप्या रेघेची कळ अर्धी, एंटर चिंचोळा. इंग्रजीवाल्याला पत्ताही लागत नाही. आपला अर्धा टवर्ग तिथे राहतो.

म्हणून कसोटीला दोन शब्द धरले: वऱ्हाड आणि पऱ्हाटी. दोन्हीत ऱ, म्हणजे डावी शिफ्ट धरून उजव्या हातानं र ची कळ. मग हलन्त, मग ह. एकाचा शेवट ड वर, दुसऱ्यात ट वर उडी. पूर्ण काठ तपासला जातो.

दिवाळीच्या आधी, नागपूर

सोयाबीन विकलं. घरून ३५,००० ची परवानगी मिळाली. माय म्हणाली, "येवढ्यात बकऱ्या आल्या असत्या बाप्पा." बरोबरच होतं तिचं. सकाळच्या एसटीनं तळेगाव, कारंजा, कोंढाळी करत बर्डीत उतरलो. खिशात सहा इंची पट्टी आणि लिनक्स (विंडोजऐवजी मी वापरतो ती प्रणाली) भरलेला पेनड्राइव्ह.

पहिल्या दुकानात १५.६ इंची नवाकोरा. बाजूला आकड्यांची वेगळी पट्टी. हिशेब लिहिणाऱ्याला ती सोयीची, पण तिच्यामुळे मुख्य कळा डावीकडे सरकतात आणि माणूस पडद्याच्या मध्यासमोर न बसता थोडा तिरका बसतो. पट्टी लावली. साधारण कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत १९ मिमी भरतात, ते बरोबर होतं. ड च्या पलीकडे मात्र १५. दुकानदारानं मराठी भाषा टाकू दिली नाही ("डेमो पीस आहे, भाऊ"), म्हणून नोटपॅडमध्ये इंग्रजीतच त्या कळा क्रमानं दाबत बसलो. पडद्यावर बी, जे, डी, यू, ई आणि एक चौकटी कंस, पुन्हा तेच, पुन्हा तेच. तो वाकून पाहत म्हणाला, "पासवर्ड टाकून राहिले का, भाऊ?" दहापैकी चार वेळा ड च्या जागी शेजारची कळ लागली. तिथे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, असतो. 'वऱ्हाड' च्या शेवटी नुक्ता! नाही जमणार.

दुसरा १४ इंची, दिसायला देखणा, कळा उत्तम. स्पेसच्या उजवीकडे पाहिलं तर उजवा कंट्रोल गायब. त्या जागी कोपायलटची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाची कळ. मायक्रोसॉफ्टनं ती जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केली, तेव्हापासून नव्या यंत्रांवर ती दिसू लागली. ती दाबली की आत डावी शिफ्ट, विंडोज आणि एफ२३ असा तिहेरी संदेश जातो. मी लिनक्सवर मराठी-इंग्रजीची अदलाबदल उजव्या कंट्रोलवर ठेवली आहे. दिवसातून शंभरदा तरी ती दाबतो. सॉफ्टवेअरनं ती वळवता येते, हे ठाऊक आहे. पण पैसे देऊन आधी गाठ विकत घ्यायची आणि मग सोडवत बसायची, हे मनाला पटेना. वर रॅम ८ जीबी, बोर्डावर झाळलेली, वाढवायची सोय नाही. उजवा ऑल्ट होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो धरून ४ दाबलं की ₹ येतो, आणि सोयाबीनच्या हिशेबाला तो लागतोच.

त्याच दिवशी, दुपारनंतर

सांबारवडी खाऊन जुन्या यंत्रांच्या दुकानात गेलो. एकावर एक रचलेले ऑफिसातले लॅपटॉप. इथे एक धडा मिळाला, जुनं घेणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा असा. ढिगातले काही परदेशी मांडणीचे असतात. ओळखायची खूण म्हणजे दोन मजली उभा एंटर. त्यात तिरप्या रेघेच्या जागेची कळ खाली उतरून ट च्या शेजारी येते, म्हणजे ॉ चा पत्ता बदलतो. त्याची एक वेळ सवय होईल. पण डावी शिफ्टही कापलेली असते, आणि तिच्या नि झेडच्या मध्ये एक जादा कळ घुसवलेली असते. ऱ साठी डावी शिफ्टच लागते. करंगळी दर वेळी त्या जादा कळीवर पडत होती. 'पऱ्हाटी' ची 'पर्हाटी' झाली. आमच्या भागात ही चूक म्हणजे पाहुण्यांसमोर नाक कापणं.

खाली दबलेला थिंकपॅड टी४८० निघाला. २०१८ चं मॉडेल. साधा आडवा एंटर, कंस पूर्ण रुंदीचे, तिरप्या रेघेची कळ ऐसपैस. कळा खोल जातात, बोटाला कळतं की दाबली. एफएन मात्र कोपऱ्यात आणि कंट्रोल त्याच्या आत. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, दोघांची अदलाबदल होते, तिथल्या तिथे करून पाहिली. दुकानदारानं पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवू दिलं. वऱ्हाड वीस वेळा, पऱ्हाटी वीस वेळा. चुका २, त्याही माझ्या.

आता बाकी अवयव. रॅमचे दोन खाचे, दोन्ही बदलता येण्यासारखे. नेटवर्कच्या वायरीचं भोक आहे. मोडेम शेजारच्या खोलीत असला आणि भिंत मातीची दीड फुटी असली की त्याची किंमत कळते. टाइप-सी वरून चार्ज होतो. बॅटऱ्या दोन: एक आत, एक मागून काढता येणारी. आतली चालू असताना मागची काढून दुसरी लावता येते, यंत्र बंद पडत नाही. वीज कधी जाईल नि कधी येईल याचा नेम नसलेल्या गावात मला हीच सोय सर्वांत मोठी वाटते, कळफलकाच्या खालोखाल. आणि कळफलक एकटा निघतो. ट गेला तर फक्त कळफलक बदलायचा, बाकी यंत्र तसंच.

हे मॉडेल घेणाऱ्यांनी प्रोसेसर आवर्जून पाहावा. काहींत सातव्या पिढीचा आय५ येतो, त्याला विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा आठव्या पिढीचा आहे. मी लिनक्सच वापरतो, पण भाचीला एमएससीआयटीच्या सरावाला विंडोज लागतं.

एकच खोट, पण ठसठशीत: पडदा १३६६ × ७६८ चा. 'सर्वांचं' लिहिलं की रफार आणि अनुस्वार एकमेकांत विरघळतात. बाजूनं पाहिलं की अक्षरं धुरकट होतात. यावरून घासाघीस केली. २३,००० चे २०,५०० झाले.

बॅटरीचा अहवाल पैसे देण्याआधीच काढला. विंडोजमध्ये पॉवरसीएफजीची एक आज्ञा आहे, ती मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दाखवते. आतली २४ वॅट-तासांची, आज १९. मागची २४ ची, आज ११. म्हणजे मागची म्हातारी. तिचे आणखी ५०० कमी करून घेतले. २०,००० दिले आणि शेवटची गाडी पकडली.

कार्तिक, कापूस वेचणी चालू

तीन आठवडे झाले. कापसाच्या खोलीतून बाड-बिस्तरा ओसरीवर हलवला. कळांवर मराठीचे स्टिकर लावलेले नाहीत. जुन्यावर लावले होते, ते उन्हाळ्यात घामानं सरकून ड च्या जागी ढ दिसायला लागला होता. कळांखालच्या दिव्याचा मोह मला नव्हता. उजेडात दिसणार ती इंग्रजी अक्षरंच.

कळफलकाच्या मधला, माऊसचं काम करणारा लाल ठिपका अजून जमला नाही. भाची मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्यावर.

काळजी उन्हाळ्याची आहे. अनेक लॅपटॉपच्या कागदावर वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. आमच्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि कूलरची हवा ओली. तळ उघडून पंखा साफ केला. उष्णता वाहून नेणारं मलम कोरडं ठाक पडलं होतं, तेही बदललं. सध्या तासभर टाइप केल्यावर प्रोसेसर ४८ अंशांवर राहतो, पण ही थंडीची गोष्ट. मे मध्ये आकडे टाकीन.

फाइलमध्ये आज ६४० शब्द झाले. मधल्या काळात राहिलेले ट चे भरून काढले. कोणाकडे 'टोंगळा' चे आणखी उच्चार असतील तर कळवा. आमच्या गावातच दोन आहेत, टोंगळा आणि टोंगया.

फुल एचडी आयपीएस पडदा, म्हणजे बाजूनं पाहिलं तरी धुरकट न होणारा, मागवला आहे. पुढची नोंद तो बसवल्यावर.