नाथषष्ठीच्या वाळवंटातला हातांचा बाजार

फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, पैठणला गोदावरीच्या काठी नाथषष्ठीची यात्रा भरते. संत एकनाथांनी इ.स. १५९९ मध्ये याच तिथीला गोदावरीत जलसमाधी घेतली, अशी परंपरा सांगते. समाधीचे दर्शन, गावातला नाथांचा वाडा, दिंड्यांची दाटी आणि अष्टमीचा काला यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी यंदा गेले ती मात्र या यात्रेच्या निमित्ताने काठावर बसणाऱ्या कारागिरांना भेटायला. आपल्या हाताने वस्तू घडवणारा माणूस ती वस्तू मांडून स्वतः समोर बसला आहे आणि ती रोज वापरणारा माणूस पारखून घेतो आहे, असा बाजार आता मराठवाड्यात यात्रांखेरीज फारसा कुठे पाहायला मिळत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून पैठण सुमारे ५० किलोमीटर आहे. गावाच्या वरच्या अंगाला जायकवाडीचे धरण आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या आणि २७ दरवाजांच्या या भिंतीने नदी अडवल्यापासून फाल्गुनात खालच्या पात्रात थोडेच पाणी उरते, आणि यात्रेकरूंच्या स्नानासाठी ते धरणातून सोडावे लागते. इथली माणसे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेचे पाणी आणि घाटाच्या पायऱ्या यांच्यामध्ये उघडी पडणारी जमीन यात्रेच्या दिवसांत राहुट्यांनी आणि दुकानांनी भरून जाते. पाळणे, खेळणी, रसवंत्या आणि प्लास्टिकच्या बादल्यांचे ढीग रस्त्यालगतची मोक्याची जागा धरतात. कारागीर मात्र बहुधा कडेला, जिथे सावली नसते तिथे, एखादे पोते किंवा साडी चार काठ्यांवर ताणून बसलेले असतात.

मी आधी बांबूकामाकडे वळले. सुपे, टोपल्या, दुरड्या, परड्या, रोवळ्या अशी मांडामांड होती आणि तिच्यामागे बसलेल्या एक वयस्क बाई विक्री चालू असतानाच नवी दुरडी विणत होत्या. ओला बांबू कोयत्याने उभा चिरायचा, त्याच्या कांबी काढायच्या, आतला गर तासून टाकायचा आणि वरच्या हिरव्या सालीच्या लवचिक पट्ट्या वेगळ्या ठेवायच्या, कारण टिकाऊपणा सगळा त्या सालीत असतो. मी भाव विचारला तेव्हा त्यांनी आधी सूप माझ्या हातात दिले. "ताई, पाठीवरून हात फिरवून बघा. कुठं टोचलं तर घेऊ नका." हात फिरवला, कुठेही टोचले नाही. नवे सूप घरी नेल्यावर कागदाचा लगदा आणि मेथीचे पीठ एकत्र कालवून आतून सारवावे, म्हणजे फटी बुजतात आणि राळ्यासारखे बारीक धान्यही त्यातून गळत नाही, हेही त्यांनी सांगितले. शेजारी तुरीच्या आणि तरवडाच्या काठ्यांच्या जाड टोपल्या होत्या. त्या शेतातल्या कामाच्या. माती, शेणखत आणि कणसे वाहण्याच्या. त्यांची वीण ओबडधोबड दिसते, परंतु एका शेतकऱ्याने टोपली उपडी करून तिच्यावर पूर्ण भार देऊन बसून पाहिले आणि मगच पैसे काढले.

माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो घोंगड्यांच्या दुकानाशी. दुकान कसले, जमिनीवर पसरलेल्या एका ताडपत्रीवर काळ्या, करड्या आणि तपकिरी घोंगड्यांच्या घड्या होत्या आणि त्यांच्यामागे विणणारे सणगर काका बसले होते. घोंगडे हे एका माणसाचे काम नाही. धनगर वर्षातून दोनदा मेंढरे कातरतात, लोकर पिंजली जाते, घरातल्या बायका चरख्यावर सूत काढतात, आणि मग ते सूत खड्ड्याच्या मागावर चढते. त्याआधी चिंचोके भिजवून, वाटून आणि शिजवून केलेली खळ कुंच्याने ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावली जाते, कारण दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि भरड असते आणि खळीशिवाय तिचा धागा माग सोसत नाही. नव्या घोंगड्याला जो ताठरपणा आणि किंचित आंबूस वास असतो, तो त्या खळीचा असतो; दोनचारदा धुतले की दोन्ही जातात. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. जावळाचे घोंगडे सर्वांत मऊ आणि अर्थातच सर्वांत महाग. काकांकडे तसे एकच होते आणि ते त्यांनी घडीतल्या घडीत, धूळ लागू नये म्हणून, धोतराच्या पानात गुंडाळून ठेवले होते.

याच वाळवंटात थोड्या अंतरावर यंत्रावर विणलेल्या, कृत्रिम धाग्याच्या चादरी घोंगडी म्हणून विकल्या जात होत्या आणि त्यांचा भाव काकांच्या भावाच्या निम्म्याहूनही कमी होता. काकांनी त्याबद्दल तक्रारीचा एक शब्द काढला नाही. त्यांनी आपल्या घोंगड्याच्या दशीचा एक धागा तोडून काडीने पेटवला. तो विझत विझत जळाला, केस जळल्याचा वास आला आणि मागे चुरगळणारी राख राहिली. मग त्यांनी खिशातून त्या दुसऱ्या मालाचा एक धागा काढून तसाच पेटवला. तो वितळून त्याची टणक गुठळी झाली. "घ्या नका घेऊ, पण काय घेताव ते बघून घ्या," एवढेच ते म्हणाले. घोंगडे घेणारी माणसे बहुतेक वारकरी किंवा शेतकरी होती. रात्री राखणीला जाणाऱ्याला, पावसात ढोरांमागे राहणाऱ्याला आणि कीर्तनाला उघड्यावर बसणाऱ्याला हे जाडे वस्त्र लागते. त्यांनी रंग पाहिला नाही. घोंगडे उजेडासमोर धरून विणीतून किती प्रकाश येतो ते पाहिले. मी घेतले तेही तसेच पाहून घेतले, आणि काकांनी सांगितलेला भाव मी कमी करा म्हटले नाही. मेंढरांच्या पाठीपासून माझ्या खांद्यापर्यंत येताना त्या वस्त्राला किती हात लागले हे ऐकल्यावर घासाघीस करणे मला अयोग्य वाटले, आणि आजही वाटते.

घिसाड्यांची भट्टी घाटापासून जरा लांब होती. नवरा सांडशीत तापलेले लोखंड ऐरणीवर फिरवीत होता आणि बायको दोन्ही हातांनी घण उचलून नेमक्या जागी घालीत होती; खुरपी, विळे, उलथनी आणि अडकित्ते डोळ्यांदेखत तयार होत होते. यात्रेला आलेल्या कितीतरी शेतकरी बाया घरून बोथट खुरपी पिशवीतून घेऊन आल्या होत्या आणि धार लावून होईपर्यंत तिथेच बसून होत्या. मृदंगवाल्यांकडेही दुरुस्तीचीच गर्दी अधिक होती. दिंडीबरोबर चालून आलेल्या पखवाजांची वादी, म्हणजे ताण देणारी चामड्याची पट्टी, ढिली पडलेली असते, तोंडावरची कातड्याची पुडी फाटलेली असते. कारागीर वादी ओढून, तिच्याखालचे लाकडी गठ्ठे ठोकून पुन्हा स्वर जमवतो आणि डाव्या पुडीवर कणीक थापून घुमारा तपासतो. ती तपासणी ऐकायला आपोआप माणसे जमतात.

दुपारी मी वाळवंट सोडून गावात, शासनाच्या पैठणी केंद्रात गेले. मागावर पदर चालू होता. रंगीत रेशमाच्या लहान लहान तिल्ल्या ताण्याच्या धाग्यांतून हाताने फिरवीत, दोन रंग एकमेकांत अडकवीत नक्षी भरली जाते, म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलट आणि सुलट दोन्ही बाजूंनी सारखाच स्वच्छ दिसतो. दिवसभरात पदर जेमतेम काही बोटे पुढे सरकतो. बांगडीमोर, मुनिया, आसावली, अजिंठ्याचे कमळ हे सारे मी आधीही पाहिले होते, तरी मागाशेजारी उभे राहिल्यावर पाय निघत नाही. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्यासाठी केंद्रे आहेत, प्रदर्शने आहेत, आणि हे सारे उचितच आहे. परंतु त्याच गावातल्या नदीकाठी उन्हात बसलेल्या घोंगडीवाल्याला, सुपे विणणाऱ्या बाईंना आणि घिसाड्याला कारागीर म्हणून कोणी मोजत नाही, याचे मला फार वाईट वाटते. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वृत्तांतात पैठणहून आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून गुजरातमधल्या भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या मालाची नोंद आहे, आणि तिच्यात तेरच्या तलम कापडाबरोबर साध्या, रोजच्या वापराच्या कापडाचाही स्पष्ट उल्लेख आहे. या भागाची ख्याती दोन्ही प्रकारच्या मालावर उभी होती. नाथांनी आपल्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, पिंगळा अशा कितीतरी माणसांना बोलते केले. त्यांच्या नावाच्या यात्रेत निदान सावलीची आणि पिण्याच्या पाण्याची सोय असलेली, ठरलेली जागा या कारागिरांना मिळावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

अष्टमीला काला झाल्यावर बाजार लवकर हलतो. मी त्या संध्याकाळी पाथरवटाकडून एक लहान जाते घेतले. काळ्या दगडाचे, दोन्ही हातांनी उचलता येईल इतपत. त्यांनी वरचा दगड फिरवून दाखवला, त्याचा खुंटा घट्ट बसवला आणि पहिले दोन घास ज्वारीचे घालून ते पीठ गायीला द्या, कारण त्यात दगडाची कच येते, असे बजावले. टाकीचे, म्हणजे दगड घडवायच्या छिन्नीचे, घाव झिजून दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडे पडू लागते, तेव्हा पुन्हा टाकी लावावी लागते. त्यासाठी तुम्हाला कुठे गाठायचे, असे मी विचारले. पुढचा मुक्काम येडेश्वरीच्या यात्रेला, हे त्यांचे ठरलेलेच होते. "चैती पुनवेला येरमाळ्यात असतो आम्ही. जातं संगं आणा, तिथंच बसून टाकी लावून देतो."