रात्री दोनला सुटलेलं विमान

चौतीस वर्षं बडोदा स्टेशनच्या तिकीटखिडकीत काढली. आमच्याकडे अंतर म्हणजे अंतर. गाडी अप असो की डाउन, बडोदा ते मुंबई सेंट्रल ३९२ किलोमीटर. त्यात वारा-पाऊस काही बदल करत नाही.

त्यामुळे जुलैत मुलगा येऊन परत अमेरिकेला गेला तेव्हा त्याच्या तिकिटानं मला भलतंच छळलं. येताना साडेचौदा तास, जाताना सोळा. विमानतळ तेच, विमानाची जातही तीच.

त्यात बायको तिकीट वाचून म्हणाली, "अहो, मुंबईहून रात्री दोनला सुटणार आणि न्यू यॉर्कला सकाळी साडेआठला? म्हणजे साडेसहाच तास की!" तिला सांगितलं, तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. पटलं नाही. घड्याळ मागे केलं म्हणून प्रवास कसा कमी होतो, हा तिचा मुद्दा. तो होत नाहीच.

मग माळ्यावरून मुलाचा शाळेतला पृथ्वीगोल काढला. धूळ पुसली, बायकोच्या क्रोशाचा दोरा घेतला, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यू यॉर्कवर धरून ताणला. मला वाटलं होतं अरबस्तान, आफ्रिका, मग समुद्र. दोरा निसटून वर सरकला तो थेट मॉस्कोपर्यंत, तिथून नॉर्वे, आइसलंड, मग कॅनडाच्या किनाऱ्यानं खाली! भिंतीवरच्या सपाट नकाशानं इतकी वर्षं फसवलं म्हणायचं. हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. विमान मात्र दोऱ्याच्या वाटेनं गेलं नाही. पाकिस्तानचं आकाश एप्रिल २०२५ मध्ये आपल्या विमानांना बंद झालं, त्यामुळे मोबाइलवरचं ते इवलंसं विमान आधी अरबी समुद्रावरून ओमानकडे निघालं.

आणि तो जाता-येतानाचा फरक? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार पट्टा वाहतो. विमानाचा वेग ताशी ९०० धरा, वारा १००. येताना वारा पाठीशी, म्हणजे १,००० आणि साडेबारा तास. जाताना तोंडावर, म्हणजे ८०० आणि साडेपंधराच्या वर. सगळ्या वाटेवर सारखा वारा नसतो, वळसेही पडतात, म्हणून आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पण गणिताची दिशा बरोबर निघाली, मी खूश.

खरा हिशेब पुढेच आहे. पावसात गाड्यांचा भरवसा नाही म्हणून मुलगा दांडिया बाजारच्या घरातून दुपारी बारालाच निघाला. बोरिवलीला उतरला, टॅक्सीत पावणेदोन तास अडकला, विमानतळाच्या खुर्चीवर सहा तास बसला. विमान हललं तेव्हा चौदा तास संपले होते. बडोदा-मुंबईला चौदा आणि निम्मं जग ओलांडायला सोळा! पुढे तिथली रांग आणि न्यू जर्सीपर्यंतची मोटार, आणखी तीन.

"मग सगळे मिळून किती?" बायकोनं विचारलं.

"दारापासून दारापर्यंत तेहतीस तास."

ती जरा वेळ गप्प बसली. "तेहतीस? मग भाकरवडी नरम पडली असणार."