रजिस्टर बाजूला ठेवून केसबद्दल बोलायचं कसं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वस्त्यांत काम करणाऱ्या समुपदेशक, आशाताई आणि संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या मीटिंगा होतातच. किती घरं झाली, किती फॉर्म भरले, फोटो टाकले का, हे तिथे विचारलं जातं. ते हवंच. पण समाजकार्याचे अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड कॅडुशिन यांनी १९७६ मध्ये सुपरव्हिजनची, म्हणजे कार्यकर्त्यांच्या कामावर देखरेख आणि मार्गदर्शनाची, तीन कामं मांडली होती: प्रशासन, शिकवण आणि आधार. आपल्याकडे पहिल्यातच वेळ संपतो, आणि माणसांसोबत काम करणारी माणसं आतून थकत जातात.

माझ्या मते केसवर बोलण्याच्या बैठकीसाठी १५ दिवसांतून एकदा, चार ते सहा जणींचा गट आणि दीड तास एवढं पुरतं. एका बैठकीत एकच केस, फार तर दोन. वेळ दुपारची ठेवा. संध्याकाळी पाणी, स्वयंपाक आणि मुलांची शाळा सुटण्याची घाई असते, लक्ष लागत नाही. आणि कंत्राट वाढवायचं की नाही हे ठरवणाऱ्या व्यक्तीनं ही बैठक घेऊ नये. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची ताई आपली अडलेली केस तिच्यासमोर कशी ठेवेल? बाहेरचा सुपरवायझर आणा.

केसचा गोषवारा नको, बोललेली वाक्यं लिहून आणायला सांगा. समजा घणसोली गावठाणातलं घर आहे. सून बोलायला लागते आणि सासू म्हणते, "तिला काय विचारता, मी सांगते ना." रजिस्टरमध्ये नोंद होते, 'कुटुंबाचा सहभाग चांगला'. तीच भेट ओळीनं वाचली की दिसतं, सून दोनदा चहा-पाण्यासाठी उठली आणि कार्यकर्तीनं पहिल्याच मिनिटाला सासूला 'आई' म्हटलं होतं. आता आईला बाहेर जा कसं म्हणणार? इथे "तुम्ही त्यांना बाहेर का नाही पाठवलं?" असं विचारलं, की पुढच्या वेळी केसच येणार नाही. "ताई, आई म्हटल्यामुळे काय सोपं झालं आणि काय अडलं?" असं विचारा. मग वाट गटातूनच निघते: आधी सासूशी १५ मिनिटं नीट बोलायचं, तिचंही दुखणं ऐकायचं, आणि सुनेला बाळाच्या वजनाच्या निमित्तानं अंगणवाडीत गाठायचं. लगेच पाच मिनिटं सराव करा, एकीनं सासू व्हायचं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते सल्ल्यांच्या चढाओढीत. म्हणून पहिली १५ मिनिटं फक्त प्रश्न, सल्ला नाही.

आडनावाचा विषय सुपरवायझरनंच काढायला हवा. "तुम्ही कुठल्या?" हे घरात शिरताच विचारलं जातं आणि उत्तरानंतर पाण्याचा ग्लास पुढे येतो किंवा येत नाही. कार्यकर्ती हे आपणहून सांगत नाही, कारण समोरच्या सुपरवायझर मॅडमची जात तिला ठाऊक असते. आधी मॅडमनी समाजातल्या स्वतःच्या जागेबद्दल बोलावं.

भगताचंही तसंच. कार्यकर्ती एक तर हसते नाहीतर गप्प बसते, आणि दोन्हींत माहिती बुडते. तो काय म्हणाला, किती पैसे घेतले, आणि मुख्य म्हणजे गोळ्या बंद करायला सांगितल्या का, हे विचारायला शिकवा. भगताकडे जाणं गुन्हा नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

गटात नाव सांगायचं नाही हे सगळे पाळतात, पण सेक्टर आणि बिल्डिंग सांगून टाकतात. कोपरखैरण्यात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो. तेही गाळा. काही गोष्टी मात्र बैठकीची वाट पाहत नाहीत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. त्याच दिवशी सुपरवायझरला फोन करायचा आणि पोलीस ठाण्यात जाताना ताईला एकटीला सोडायचं नाही. आत्महत्येचं बोलणं निघालं तरी त्याच दिवशी फोन करायचा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये असू द्या. वस्तीत आपल्या केसमधलं कुणी वारलं, तर त्याच आठवड्यात वेगळी बैठक घ्या, तिथे कामाचं काहीही विचारू नका.

नोंद तीनच ओळींची ठेवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. पुढची बैठक याच तीन ओळींपासून सुरू करा.