फुशिमी इनारीचा डोंगर

देव भाताचा, पण नवस बोलायला रांग दुकानदारांची. क्योतोच्या दक्षिणेला इनारीचा डोंगर चढताना हे मला पावलोपावली दिसत होतं. इ.स. ७११ पासून इथे या धान्यदेवतेची पूजा चालते. शेतकऱ्यांच्या पाठोपाठ व्यापारीही बरकत मागायला येऊ लागले. जपानभर इनारीची सुमारे ३०,००० देवळं, त्यांचं हे मूळपीठ.

पायथ्याचं महाद्वार जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने १५८९ मध्ये बांधलं. आईच्या दुखण्यासाठी बोललेला नवस फेडला, असं सांगतात. त्याच्यामागे सगळा डोंगरच नवसांनी भरलाय. एकीला एक खेटून शेंदरी लाकडी कमानी, म्हणजे तोरी. चढताना त्या कोऱ्या वाटतात. मागे वळून पाहिलं, तर खांबाखांबावर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं, बहुतेकदा कंपनीचं नाव आणि तारीख! आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव घालतात तसंच. फक्त लाकूड दगडासारखं टिकत नाही. खांब बुडाशी कुजतात आणि जागा पुढच्या नवसाला मिळते.

सेल्फीवाले खालच्या कमानींतच रमतात. बरंच आहे. वाटेतल्या योत्सुत्सुजी या चौकातून शहर नजरेत मावतं, तिथे घाम पुसला आणि पुढे निघालो. डोंगर जेमतेम २३३ मीटरचा, पण पायऱ्या गुडघे बोलायला लावतात. मला खरा इनारी भेटला तो या वरच्या टप्प्यात. भक्तांनी आपापल्या देवाचं नाव कोरून उभे केलेले दगड, ओत्सुका, हजारोंनी. पुढ्यात वीतभर तोरींच्या चळती, मेणबत्त्या, दगडी कोल्हे. कोल्हा देव नव्हे, देवाचा दूत. एकाच्या तोंडात कोठाराची किल्ली, दुसऱ्याच्या भाताची लोंबी. एक आजी कोल्ह्याच्या गळ्यातलं विटलेलं लाल लाळेरं सोडून नवं बांधत होत्या. वाट मी अडवली होती, पण "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, असं त्याच म्हणाल्या.

शिखरावर मोठं देऊळ वगैरे नाही. आणखी दगड, आणखी तोरी. हात जोडले, उतरलो.

आणि भात? देवस्थानाचं स्वतःचं खाचर आहे. १० जूनला लावणी, २५ ऑक्टोबरला कापणी. पेंढा ८ नोव्हेंबरच्या होमात जातो, तांदूळ २३ तारखेला नवान्न म्हणून देवापुढे. माझ्या वाट्याचा भात पायथ्याच्या दुकानात मिळाला, तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला. हा तळलेला तोफू कोल्ह्यांना फार आवडतो म्हणे. मला जरा गोड वाटला, सोबतचं आल्याचं लोणचं मात्र झकास.